पोलादातली खोट

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, नावं ठेवण्यात पटाईत. चहात साखर जास्त, वरणात पाणी जास्त, सिल्वासाचा ऊस पाणचट, आणि इथली माणसं मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा फार राग यायचा. पुढं हळूहळू कळलं की ज्या दिवशी आबा कशालाच नाव ठेवत नाहीत, त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप असतो. तेव्हापासून मी त्यांची बोलणी निमूट ऐकून घेते आणि मनातल्या मनात म्हणते, चला, तब्येत ठीक आहे.

त्यांची सगळी नोकरी कळवणजवळच्या सरकारी रोपवाटिकेत गेली. आंब्याची कलमं बांधणं हे त्यांचं काम. सासूबाई गेल्यावर विलासनं त्यांना इकडं सिल्वासाजवळच्या सायली गावात आणलं. विलास, माझा नवरा, इथल्या एका कारखान्यात टूलरूमचा प्रमुख आहे. कागद, रबर, प्लास्टिक कापायच्या मशीनची पाती तिथं बनतात. त्यामुळे आमच्या घरात पोलादावर जेवढं बोलणं होतं, तेवढं भाजीवर होत नाही.

आबांच्या उजव्या हाताला कंप सुटला तो गेल्या दिवाळीच्या सुमारास. पुढं डावाही थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि या गोळ्यांनी आजार थांबत नाही, फक्त जरा दमानं घेतो, असंही सांगितलं. घरी आल्यावर तो शब्द कुणीच उच्चारला नाही. विलास म्हणायचा, "थोडं थरथरतं." आबा म्हणायचे, "इथली हवा दमट हाय." आणि मी? मी त्यांच्या ताटात आमटीऐवजी घट्ट पिठलं वाढायला लागले. बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट आहे. त्यात एक जुना आंबा. बाजारातले सगळे आंबे संपले, लोकांची रसाची हौस फिटली, की मग हा पिकायचा. फळ लहान, सालीला हिरवा रंग तसाच, पण गोडीला तोड नाही. या एकाच गोष्टीला आबांनी कधी नाव ठेवलं नाही. उलट जातीचं नाव कुणालाच माहीत नाही म्हणून त्यांचा जीव अडकला. गेल्या वर्षी त्यांनी त्याच झाडाच्या कोयी तेलाच्या डब्यांत लावल्या. रोपं चांगली पेन्सिलीएवढी जाड झाली. आणि या वर्षी कळलं की प्लॉट विकला गेलाय, गणपती झाले की तिथं शेड उभी राहणार.

"कोयीचं झाड आईवर जाईलच असं नसतं," आबा म्हणाले. "त्या झाडाची काडी घेऊन कलम बांधलं तरच त्ये झाड टिकल. एक तरी बांधतो. माझ्या हातानं."

त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून आपला कलमाचा चाकू काढला. मिटायचा, शिसवी मुठीचा, पितळी टोप्यांचा. वर्षानुवर्षं घासून पातं इतकं झिजलं होतं की दातकोरणं म्हणून वापरावं. आबांनी तो विलाससमोर स्टुलावर ठेवला. आमच्याकडं चाकू, सुरी हातातून हातात देत नाहीत. दिला की भांडण होतं. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. एरवी बापलेकांचं भांडायला काही अडत नसे, पण हा नियम दोघंही पाळत.

"मूठ तीच ठेव," आबा म्हणाले. "पातं नवं घाल. पोलाद मातर चांगलं बघ."

विलासला एवढंच हवं होतं. बापासाठी काही करायचं म्हणजे डॉक्टरकडं नेणं, गोळ्या आणणं, डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत बसणं. त्यात त्याला काडीचं कळत नव्हतं. पोलादातलं कळत होतं. त्या आठवड्यात तो जेवताना इतका बोलला की पोळी गार व्हायची. आंब्याला चीक असतो, चीक आम्लाचा, साधं पोलाद काळं पडेल, म्हणून स्टेनलेस. स्टेनलेस म्हणजे स्वयंपाकघरातलं मऊ नव्हे, कार्बन भरपूर असलेलं, भट्टीतून काढून नीट पाणी दिलेलं. आबा मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, किती दिवसांनी हे दोघं एका विषयावर बोलतायत.

पातं आलं. विलासनं चाकू स्टुलावर ठेवला आणि कारखान्यात गेला. चार-सहा दिवसांनी आबांनी तो परत स्टुलावर ठेवला.

"दगडावर घसरतंय नुसतं. धारच घेत न्हाई."

"असेल," विलास म्हणाला. "कडक आहे ते. साध्या दगडाला दाद देणार नाही." आणि चक्क खूष होऊन गेला.

दुसरं पातं बेअरिंगच्या पोलादाचं केलं. दोन हात मारले की धार लागते म्हणाला, फक्त वापरून झाल्यावर पुसून तेलाचं बोट लावायचं. आबांनी तेही परत केलं. "चिकानं काळं पडतंय. काडीच्या कापावर डाग ऱ्हातो. कलम नासल." मग तिसरं आलं, पत्रा कापायच्या डायचं, म्हणजे साच्याचं, पोलाद. ना धड स्टेनलेस, ना धड साधं, दोन्हीच्या मधलं. त्याबद्दल आबा म्हणाले, "धारेची कणी उडतीय. बारीक काम जमायचं न्हाई."

इकडं डब्यांतली रोपं तशीच उभी. एकाचाही शेंडा उडालेला नाही. श्रावण अर्धा सरला. माझा पारा चढायला लागला. सकाळची शाळा शिकवून घरी यावं तर या दोघांचं पोलादपुराण चालूच. एक दिवस मी न राहवून म्हणाले, "आबा, सुरंगी गावाच्या बाजूला एक नर्सरीवाला आहे. त्याला बोलावू. पाच मिनिटांचं काम."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी वरणाचं भांडं उचलून आत गेले. मागून आवाज आला, "माझं मी करीन." त्यांचा आवाजही हल्ली बारीक झालाय. पूर्वी ओरडले असते तर शेजारचे बाहेर आले असते.

मग तो दिवस आला. शाळेला एकाएकी सुट्टी मिळाली म्हणून मी लवकर घरी आले. दार लोटलेलंच होतं. मागच्या ओट्यावर आबा पाठमोरे बसलेले. त्यांच्या शेजारी ओल्या फडक्यात त्या झाडाच्या दोन-तीन काड्या. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी मान वळवली आणि मी जागच्या जागी थांबले. मिटलेला चाकू दोन्ही हातांत धरून ते पात्याची पाठ दातांत पकडत होते. उघडायला. पात्याला नख अडकवायची जी खाच असते, तिच्यात त्यांचं नख ठरत नव्हतं. हात हलायचा, नख सुटायचं. म्हणून दात. ओठाला रक्त आलं होतं.

मी धावत जाऊन चाकू काढून घेतला. हातातून हातात घेऊ नये वगैरे काही आठवलं नाही.

"आबा, हे काय करताय?"

मी पदरानं ओठ पुसला, तर लहान मुलासारखं तोंड पुढं केलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी खाली त्यांच्याजवळ बसले आणि एकदम लक्षात आलं.

"म्हणजे ती तिन्ही पाती... तुम्ही एकदाही उघडलाच नाहीत चाकू?"

"न्हाई उघडत."

"मग धार घेत नाही, काळं पडतं, कणी उडते, हे सगळं?"

"आयुष्य चाकू हाताळण्यात गेलं, पोरी. कुठलं पोलाद काय करतं त्ये न उघडता सांगता येतं."

मला हसावं का रडावं कळेना. "अहो, पण विलासला सांगायचं ना! तो रात्रंदिवस त्या पोलादामागं..."

आबांनी फडक्यातली एक काडी सरळ केली. मग म्हणाले, "काय सांगू त्येला? पोलाद बदलता येतं त्येला. हात कुठून आणून देईल?"

मी काड्या परत ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

"बोलू नको त्येला," ते म्हणाले. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. विलास ताटावर बसून सांगायचा, आता मुंबईच्या एका एजंटकडून भुकटी दाबून केलेलं पोलाद मागवलंय, त्यात कण इतके बारीक असतात की धार कणी सोडत नाही, गंजतही नाही. त्याच्या कारखान्यातही ते कुणी वापरत नाही, इतकं महाग. "आबा, याच्यापुढं पोलाद नाही," तो म्हणाला. आबा म्हणाले, "बघू." मी भात वाढत होते. भाताचा डाव हातात धरून मला दोघांवर ओरडावंसं वाटत होतं. पण एकाला शब्द दिलेला आणि दुसऱ्याचा उत्साह डोळ्यांनी बघत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मी भात वाढला आणि लोणच्याची बरणी पुढं केली.

गणपती झाले. दुसऱ्याच दिवशी प्लॉटवर माणसं आली, झाडाच्या बुंध्याला चुन्यानं पट्टा मारून गेली. मजुरांना विचारलं तर म्हणाले, उद्या कापणार. आबा ओट्यावर बसून तो पांढरा पट्टा बघत होते. मी फोनवर विलासला कळवलं. तो म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत पातं तयार होतंय. सांग त्यांना."

दुपार उलटल्यावर दारात मोटरसायकल थांबली. विलासच्या टूलरूममधला कल्पेश होता. खडोलीला राहतो, मनानं साधा माणूस.

"भाभी, साहेबांनी पाठवलं. आबांचं चप्पू. आज ऑडिट छे ना, म्हणून साहेबांना निघायला लेट होणार. बोलले, अंधार पडायच्या आधी पोचव."

त्यानं चाकू स्टुलावर ठेवला. मी त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि पेला हातात घोळवत उभा राहिला.

"एक वात बोलू, भाभी? साहेब आखा दिवस पोलाद, पोलाद करतात. पण मला काम देतात खाचेचं. पहिल्या पात्यानंतर बोलले, कल्पेश, नखाची खाच थोडी ऊंडी, खोल कर. मग बोलले, लांब कर. मग पाठीची स्प्रिंग घासून नरम करवली. अने आज तर सीधं भोकच पाडायला लावलं, अंगठा जाय एवढं. एवढ्या मोंघ्या पोलादाला भोक कोण पाडतं?"

तो गेला. मी आत जाऊन ड्रॉवर उघडला. काढून ठेवलेली तिन्ही पाती तिथं कागदात गुंडाळून होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर ओळीनं मांडली. पहिल्याची खाच नखाच्या रेघेएवढी. दुसऱ्याची खोल. तिसऱ्याची खोल आणि बोटाच्या पेरासारखी लांब. आणि हे चौथं, त्याच्या मानेशी गोल, गुळगुळीत घासलेलं भोक, ज्यात कुणाचाही अंगठा सहज अडकेल. मी तिथंच खाली बसले. इतके दिवस मी जीव मुठीत धरून जे गुपित सांभाळत होते, ते विलासला माझ्याही आधीपासून माहीत होतं.

तो उजेड असतानाच आला. ऑडिटवाल्यांना कुणाच्या तरी गळ्यात घालून आला असणार. मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि ओट्यावरची पाती दाखवली. त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिलं पातं परत आलं तेव्हापासून," तो म्हणाला. "धार खराब होऊ नये म्हणून तिच्यावर मेणाचा हात दिला होता. आबा म्हणाले दगडावर घसरतं, आणि मेण जसंच्या तसं होतं."

"मग बोलला का नाहीस? मला तरी सांगायचंस! वेड्यासारखं पोलाद, पोलाद करत..."

"काय बोलू, अरुणा?" तो एकदम चिडून म्हणाला, आणि एक पातं उचलून परत कागदात गुंडाळायला लागला. "ते पोलादाला नावं ठेवत होते ना. ठेवत होते तोवर त्यांना कलम बांधायचंच होतं. मी मनात म्हणायचो, पुढच्या वेळी उघडेल. उघडलं की बाकीचं जमेल."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थपडाही द्याव्याशा वाटल्या. यातलं काहीच केलं नाही. बाहेर प्लॉटवर मजूर दोर टाकत होते. उद्या म्हणालेले, आजच आले होते.

आबा मागच्या ओट्यावर होते. सकाळीच त्यांनी शेजारच्या पोराकडून ताज्या काड्या काढवून ओल्या फडक्यात बांधल्या होत्या. एक डबा समोर ओढून ठेवलेला, रोपाची पानं हाताने खुडलेली. कलम बांधायची प्लास्टिकची पट्टी मांडीवर. तयारी सगळी होती.

विलास त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मला वाटलं स्टूल ओढेल. त्यानं तसं केलं नाही. चाकू सरळ त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हातात नको देऊ," आबा म्हणाले. "भांडण व्हतं."

"होऊ दे," विलास म्हणाला.

आबांनी पात्यावरचं भोक बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग मान वर करून लेकाकडं बघितलं, आणि त्यांना समजलं की त्याला समजलेलं आहे. त्यांनी अंगठा भोकात घातला. अंगठा थरथरत होता, पण भोकातून निसटायला त्याला जागा नव्हती. पातं हळूच, सहज उघडलं. स्प्रिंग खट्कन बसली. विलासच्या तोंडून "हां" असं आलं, लहान पोराला पहिलं पाऊल टाकताना बघून यावं तसं.

आबांनी डाव्या हातात काडी घेतली. कलमाची काडी एका ओढीत तासायची असते, दोन्ही अंगांनी, पाचरीसारखी. मध्ये थांबलं तर कापावर पायरी पडते आणि जोड बसत नाही, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. त्यांनी पातं काडीला लावलं. काडी डावीकडं हलत होती, पातं उजवीकडं. दोन्ही एकत्र येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, जसं काही दोन लहान मुलं शांत व्हायची वाट बघतायत. मग ओढलं. पात्यानं काडीची साल फाडली, आत शिरलं आणि काडी मोडली. दुसरी घेतली. ती त्यांच्या बोटांतून ओट्याखाली पडली. विलासनं उचलून दिली. तिसऱ्या वेळी पातं अंगठ्याच्या नखावरून गेलं. नुसता ओरखडा, पण मी "आबा" म्हणून ओरडलेच.

आबा थांबले. अंगठा भोकात घालून त्यांनी पातं मिटायचा प्रयत्न केला. मिटेना. विलासनं मिटलं.

"मी कापू?" विलास म्हणाला. "तुम्ही सांगा, मी ओढतो." त्यानं काडी घेतली, आणि माझा हा इंजिनिअर नवरा, केसाच्या जाडीइतका फरक मशीनवर मोजणारा, त्यानं त्या काडीचा पार भुगा केला. मीही एक घेतली. माझी तर गाठीशीच अडली. आबा बघत होते. एरवी आमच्या दोघांचा त्यांनी उद्धार केला असता. फडक्यातल्या काड्या संपल्या.

पलीकडं आंब्याची मोठी फांदी कडाडून खाली आली. पानांचा केवढा तरी आवाज झाला. आबांनी तिकडं बघितलं नाही. मिटलेला चाकू त्यांनी अंगठ्यानं पुसला, पितळी टोपीवरून बोट फिरवलं.

"पोलाद चांगलं हाय," ते म्हणाले. "एकदम बरोबर. आता दुसरं आणू नको."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी विलास मरत होता, ते हेच. तो त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

"नीट बघा ना, आबा," तो म्हणाला. "जड असेल. मुठीत बसत नसेल. धार जास्तच असेल. काहीतरी असेलच. काढा ना काहीतरी खोट."

"न्हाई रे बाबा. काही खोट न्हाई."

"आबा, काढा ना."

आबांनी चाकू त्याच्याकडं केला. खाली ठेवला नाही, हातात दिला. विलासनं हातात घेतला. आम्ही तिघंही थोडा वेळ तसेच बसलो होतो, आणि कुणाचंच भांडण झालं नाही.

रात्री मी मुद्दाम वरणात मीठ जास्त घातलं. आबा सगळं जेवले आणि म्हणाले, छान झालंय.